उरलेली तीस मुलं काय करतात?

गणित लहान गटात शिकवावं, याबद्दल आता फारसं दुमत उरलेलं नाही. प्रशिक्षणात तेच सांगतात, परिपत्रकात तेच येतं, खाजगी शाळांच्या माहितीपत्रकात तर ते रंगीत फोटोसह येतं. बाई चटईवर बसलेल्या, समोर पाच मुलं, मधे काड्यांचे गठ्ठे आणि मणी. वर्गाचा उरलेला भाग फोटोत सहसा नसतो. शिक्षकांना मात्र तोच छळतो. समोर बसलेल्या पाचांना काहीतरी शिकवता येतंच. त्या वीस मिनिटांत बाकीच्या तिसांनी काय करायचं, आणि ते त्यांनी बाईंना न विचारता कसं करायचं, इथे सगळं अडतं.

जुळे सोलापुरात हा प्रश्न रोज समोर येतो. विजापूर रोड आणि होटगी रोडच्या मधली ही वस्ती नोकरदारांची, निवृत्तांची आणि मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याहून येऊन राहिलेल्या घरांची. साहजिकच शाळा भरपूर, आणि शाळांहून जास्त ‘क्लास’. आसरा चौकापासून सैफुलकडे जाताना पाट्या वाचत गेलं तरी हे कळतं. गंमत अशी, की गणिताचा खरा लहान गट बहुतेक मुलांना शाळेत भेटत नाही, तो संध्याकाळच्या घरगुती शिकवणीत भेटतो. दिवाणखान्यात सतरंजी, दुसरीपासून सातवीपर्यंतची दहा-बारा मुलं, आणि शिकवणीच्या ताई दोघा-तिघांना जवळ घेऊन सांगतायत. रचना म्हणून ही बहुवर्ग शाळाच आहे. पण बाकीच्यांकडे पाहिलं तर ती शाळेचा गृहपाठ उतरवत असतात, किंवा गाईडमधलं उत्तर वहीत आणत असतात. गट लहान असला म्हणजे शिकणं होतंच असं नाही, याचा इतका सहज मिळणारा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही.

लांबचा पुरावाही आहे. ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चालवलेला ‘बालसखी’ उपक्रम २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला आणि निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध केले. तिसरी-चौथीतली मागे पडलेली साधारण वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर काढायची आणि वस्तीतल्याच एखाद्या तरुणीने त्यांना पायापासून शिकवायचं, अशी ती योजना. ही मुलं पुढे सरकली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. वीस मुलं उठून गेल्यावर मागे राहिलेल्यांचा वर्ग लहान झाला, शिक्षकही पूर्ण वेळ त्यांच्याकडेच होते, तरी त्या मुलांच्या प्रगतीत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. शिक्षक हजर असताना ही गत. मग एकाच वर्गात गट पाडले आणि शिक्षक कोपऱ्यात पाच जणांशी बोलत बसले, तर उरलेल्यांचं काय होत असेल?

आपल्याकडे या प्रश्नाला एक जुनं उत्तर होतं. पंतोजींच्या शाळेत एकच शिक्षक आणि सगळ्या वयांची मुलं. थोरला मुलगा पाढे सांगायचा, बाकीचे घोकायचे. एकीकडे धूळपाटीवर अक्षरं, दुसरीकडे पावकी, निमकी, दिडकी, औटकी. पंतोजी डुलकी घेत असले तरी शाळा चालू. मद्रासच्या अनाथाश्रमातल्या शाळेत काम करणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी १७८९ नंतर देशी शाळांतली ही वाळूत लिहिण्याची आणि मुलांनी मुलांना शिकवण्याची रीत उचलली. १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तिका लिहिली. इंग्लंडमध्ये जोसेफ लँकेस्टर यांच्या शाळांच्या जोडीने ती पद्धत पसरली आणि गरिबांच्या शाळा त्यावर वाढल्या. म्हणजे शिक्षकावाचून चालणारा वर्ग ही कल्पना आपल्याला नवी नाही. पण त्या वर्गाचं स्वावलंबन पाठांतराचं होतं. थोरल्याने म्हणायचं, धाकट्याने म्हणायचं, आणि चुकलं तर छडी. ‘असं का?’ हा प्रश्न विचारायची जागा त्या साखळीत कुठेच नव्हती.

पुढच्या काळात महाराष्ट्रात शालेय स्वावलंबनाचा दुसरा अर्थ रुजला, तो श्रमाचा. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांनी कमवून शिकणं प्रतिष्ठेचं केलं. त्याचं मोल मोठं आहे. पण स्वतःचं जेवण स्वतः रांधणारा मुलगा गणिताच्या तासाला मात्र सरांच्या ‘बरोबर’ची वाट पाहत बसे, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नसे.

बौद्धिक स्वावलंबनाची गंभीर रचना दक्षिणेकडून आली. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीत पद्मनाभ राव आणि रमा यांनी आसपासच्या खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी कार्डांची शिडी तयार केली. मुलाने आपली पायरी पाहायची, कार्ड घ्यायचं, कार्डावरच्या चिन्हावरून कुठल्या गटात बसायचं ते ओळखायचं. गटांची वाटणी हुशार आणि ढ अशी नाही, मदत किती लागणार यावर. शिक्षकांची पूर्ण मदत, थोडी मदत, सोबत्याची मदत, एकट्याने. यातूनच कर्नाटकात १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नली-कली’ सुरू झालं आणि नंतर तमिळनाडूची कृतियुक्त शिक्षणाची योजना उभी राहिली. या रचनेचा कणा मला आजही पटतो, कारण उरलेल्या तिसांचा विचार तिने आधी केला. तिची दुखरी बाजू गणितात दिसते. प्रत्येक मूल आपापल्या पायरीवर असलं की एकाच उदाहरणावर भांडायला दोघं मिळत नाहीत. वर्ग शांत, कार्डं पुढे सरकतायत, आणि गणिताबद्दल कुणी कुणाशी बोलत नाही.

महाराष्ट्रात सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर तर तशा वर्गांची लाटच आली. भिंतीच्या तळाशी मुलांच्या उंचीला रंगवलेले फळे, फरशीवर संख्यांचे तक्ते, खोक्यांत चिंचोके, काड्या, खोट्या नोटा. स्पष्ट बोलायचं तर रंग वेगाने पसरला, वर्ग चालवण्याची सवय सावकाश. अनेक ठिकाणी फरशी रंगली, मुलं गोलात बसली, आणि गोलाच्या मधोमध उभं राहून शिक्षक सगळ्यांना एकच बेरीज सांगत राहिले. गणित पेटीला कपाट मिळालं, आणि कपाटाला कुलूप. तरीही भिंतीच्या तळाचे फळे ही त्या लाटेतली फार मोलाची गोष्ट होती. कॅनडातले गणितशिक्षणाचे अभ्यासक पीटर लिल्येदाल यांच्या २०२० च्या पुस्तकाचा मोठा आग्रह हाच आहे, की तिघा-तिघांचे गट चिठ्ठ्या टाकून करावेत आणि त्यांनी वहीऐवजी भिंतीवरच्या पुसता येणाऱ्या फळ्यावर उभ्याने गणित सोडवावं. फळ्यावरचं पुसता येतं म्हणून मूल लिहायला धजतं. शेजारच्या गटाला ते दिसतं. आणि बाई चटईवरून मान वर करतात तेव्हा कोण कुठे अडलंय हे त्यांनाही दिसतं. आपल्याकडे हे फळे होते. त्यांचा उपयोग अक्षर गिरवण्यापलीकडे फार ठिकाणी गेला नाही. बोर्डी-कोसबाडपासून ऐन्याच्या ग्राममंगलपर्यंत आणि फलटणच्या कमला निंबकर बालभवनापासून पुण्याच्या अक्षरनंदनपर्यंत, मुलांना काम सोपवणाऱ्या शाळांची परंपरा आपल्याकडे आहे. पण तिथले संयमी शिक्षक आणि तिथलं वातावरण सरकारी आदेशाने इतरत्र नेता येत नाही.

आता समुदायाचा मुद्दा. ‘वर्ग एक कुटुंब’ वगैरे शब्द भिंतीवर लिहायला छान दिसतात, म्हणून हा विषय मऊ समजला जातो. तो मऊ नाही. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात एल्फिन्स्टन हायस्कुलातला प्रसंग आहे. शिक्षकांनी भीमराव आंबेडकरांना उदाहरण सोडवायला फळ्याकडे बोलावलं आणि वर्गात गलका उडाला, कारण सवर्ण मुलांचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. भीमराव फळ्यापाशी पोचायच्या आत ते डबे हलवले गेले. गणित येत होतं, फळाही समोर होता. फळ्यापर्यंतची वाट मात्र वर्गाच्या हातात होती. आज डबे तसे हलवले जात नसतील. पण गटातला मधला कागद कुणापुढे सरकतो, पेन कुणाच्या हातात राहतो आणि कुणाचं उत्तर न ऐकताच ‘चूक’ ठरतं, हे पाहिलं तर घर, जात, भाषा आणि मुलगा-मुलगी हे सगळं त्या चटईवर येऊन बसलेलं दिसतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एलिझाबेथ कोहेन यांनी १९८६ च्या पुस्तकात हेच दाखवलं. ज्याची वर्गातली पत जास्त तो गटात जास्त बोलतो, आणि जो जास्त बोलतो तोच जास्त शिकतो. त्यांचा उपाय उपदेशाचा नव्हता. काम असं द्यायचं, की एकाच तऱ्हेच्या हुशारीवर ते पुरं होणार नाही. आणि कमी पत असलेल्या मुलाने काही नेमकं केलं, तर ते सगळ्यांसमोर नेमक्या शब्दांत सांगायचं.

म्हणून गट कुणाचे, हा वाद महत्त्वाचा. ‘प्रथम’ची आजची पद्धत वर्ग बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करते. तिसरी ते पाचवीची मुलं एकत्र तपासायची, एक अंकी संख्या ओळखणारी इथे, वजाबाकी येणारी तिथे. मग मोठ्या गटात, लहान गटात आणि एकट्याने, असा क्रम. गरज खरी आहे. २०२४ च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येणारी ३०.७ टक्केच होती. अशा वर्गात सगळ्यांना पान क्रमांक बेचाळीस काढायला सांगणं म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना सुट्टी देणं. पण पातळीचा गट वर्षभर तोच राहिला, तर त्याची जात होते. गटांना गुलाब, मोगरा, जास्वंद अशी नावं दिली तरी जास्वंद म्हणजे काय हे पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कळलेलं असतं. माझ्या मते पातळीचा गट बाईंसमोरच्या चटईपुरता, ठरावीक कौशल्यापुरता आणि थोड्या आठवड्यांपुरता असावा. उरलेल्या वेळचे गट मिसळलेले असावेत आणि चिठ्ठीने पडावेत.

सोलापुरात त्यात भाषेचा पदर आहे. महापालिकेच्या शाळांत मराठीबरोबर उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमं आहेत. अक्कलकोटकडे जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. जुळे सोलापुरातल्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गात या सगळ्या घरांतली मुलं एका बाकावर येतात. तेलुगू घरातलं मूल एकवीस मोजताना ‘इरवै ओकटी’ म्हणतं, कन्नड घरातलं ‘इप्पत्तोंदु’. दोन्हींत दशक आधी, एकक नंतर, लिहितो त्याच क्रमाने. मराठीत एकक आधी येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची जोडपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की मुलांना संख्या लिहिताना होणारा गोंधळ कमी व्हावा म्हणून हा पर्याय आहे. सत्तावन्न ऐकून ७५ लिहिणारं मूल पन्नासांच्या वर्गात फक्त चुकलेलं असतं. चटईवर ते बोलताना ऐकलं, की चूक कुठून आली ते कळतं. आणि बाई नसलेल्या गटात मुलं घरच्या भाषेत ‘कसं करायचं बे हे?’ म्हणत बोलू लागली, तर त्यांना इंग्रजीत बोला म्हणून गप्प करणं हा गणिताचा तोटा आहे.

आता मूळ प्रश्नाचा व्यवहार पाहू. पहिली गोष्ट, जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या गट पाडू नयेत. नागपंचमीपर्यंतचा काळ केवळ सवयींसाठी ठेवावा. साहित्य कुठून घ्यायचं, परत कुठे ठेवायचं, अडलं तर काय करायचं, काम संपलं तर काय, भांडण झालं तर काय. हे सांगून होत नाही, करून घ्यावं लागतं. पहिल्या आठवड्यात सगळा वर्ग पाच मिनिटं एकच सोपं काम बाईंना न विचारता करतो आणि बाई नुसत्या फिरून पाहतात. मग आठ मिनिटं, मग बारा. चटईवर मुलं बोलवायची ती त्यानंतर. अडलं तर आधी साहित्य बघायचं, मग सोबत्याला विचारायचं, मग दुसऱ्या गटाला, आणि तरीही नाही जमलं तर ते काम बाजूला ठेवून पुढचं घ्यायचं. चटईपाशी यायचं नाही. कुणी पडलं, रक्त आलं, कुणाला उलटी झाली तरच यायचं. पालकांना हे निष्ठुर वाटतं. पण बाईंनी तीन वेळा उठून मदत केली, की चौथ्या दिवशी वर्ग पुन्हा रांग लावतो.

सोलापूरच्या मागवाल्याला एकाहून जास्त माग सांभाळावे लागतात. तो प्रत्येकाकडे टक लावून पाहत नाही, खडखडाटातला बदल त्याच्या कानाला कळतो. वर्गाचा गलकाही असा ऐकता आला पाहिजे. कामाचा गलका आणि रिकामपणाचा गलका वेगळा असतो. शांतता ही खूण नाही.

दुसरी गोष्ट कामाच्या निवडीची, आणि बहुतेक प्रयोग इथेच कोसळतात. बाकीच्यांना दिलेलं काम म्हणजे वेळ घालवायचा कागद असेल, तर दहाव्या मिनिटाला वर्ग हातातून जातो. काम असं हवं, की बरोबर आलं की नाही हे मुलाला स्वतःला कळावं. याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रातल्याच एका शाळामास्तरांनी देऊन ठेवलं आहे. देवळालीचे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म दाखवला. तोच खेळ तीन अंकांत खेळता येतो. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही तीन अंकी संख्या घ्या, समजा ३५२. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. ५३२ वजा २३५ म्हणजे २९७. पुन्हा तसंच. ९७२ वजा २७९ म्हणजे ६९३. मग ५९४. मग ४९५. आणि ४९५ चे पुन्हा ४९५ च होतात. कुठूनही सुरुवात करा (९९ आले तर ते ०९९ धरायचे), फार तर सहा पायऱ्यांत तिथेच पोचता.

चौथीच्या वर्गासाठी हे सोनं आहे. हातच्याच्या वजाबाकीचा सराव भरपूर होतो, कुणी ‘दहा उदाहरणं सोडवा’ न म्हणता. आणि तपासणी आतच आहे. प्रत्येक उत्तरात मधला अंक ९ यायला हवा, आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९. नाही आली तर वजाबाकी चुकली, बाईंकडे जायचं कारण नाही. ज्याला वजाबाकी नुकतीच येऊ लागली आहे तो काड्यांचे गठ्ठे घेऊन एक पायरी करतो. ज्याला सहज येते तो सगळ्यात लांब साखळी कुठली याच्या मागे लागतो. आणि एखादी मुलगी विचारते, मधे नेहमी नऊच का? तिला पाचवी-सहावीपर्यंत पुरेल एवढं खाद्य त्यात आहे, कारण प्रत्येक उत्तर ९९ च्या पटीतलं असतं. मिसळलेल्या गटाला एकच काम देऊन प्रत्येकाला आपल्या उंचीचं गणित मिळतं, ते असं. अशी वीस-पंचवीस कामं हाताशी असली तर वर्ष निघतं. ‘नवनिर्मिती’ संस्थेत विवेक माँटेरो, गीता महाशब्दे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वस्त, हाताळायच्या गणिती साहित्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. शिक्षकांनी आधी तिथे पाहावं, मग वर्कशीट छापणाऱ्या ॲपकडे.

ॲपचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, त्यात पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. त्याआधीच बालभारतीच्या पुस्तकांतही हे कोड आले होते. मुलाला हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा स्पष्टीकरण पाहता येणं हे स्वावलंबनच आहे. फक्त पडदा ऐकवतो, ऐकत नाही. वर्गात तो एक कोपरा असावा, चारही नाहीत.

राहिला व्यवस्थेचा भाग. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या २०२२ च्या पायाभूत स्तराच्या भागात गणिताच्या वेळेचे चार तुकडे सुचवले आहेत. तोंडी गणिती गप्पा, कौशल्य शिकवणं, सराव आणि खेळ. वाचायला उत्तम. शाळेच्या वेळापत्रकात तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची, त्यात हजेरी आणि वह्या तपासणं. दोन तासिका सलग जोडल्याशिवाय हे चार तुकडे बसत नाहीत, आणि जोडायला मुख्याध्यापकांची परवानगी सोडली तर काहीही लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांना साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले, म्हणजे अनेक छोट्या शाळांत चार-पाच इयत्तांना दोनच माणसं. तिथे लहान गट ही हौस नसून दुसरा इलाजच नाही. भेटीला आलेले अधिकारी मात्र अजून वर्ग गप्प आहे का ते पाहतात आणि पुढच्या बाकावरच्या मुलाला पाढा विचारतात. त्याऐवजी चटईपासून सगळ्यात लांब बसलेल्या मुलीला एवढंच विचारावं, तू आत्ता काय करते आहेस, आणि ते बरोबर आलं हे तुला कसं कळणार?

शिक्षण हक्क कायद्याच्याच २७ व्या कलमात जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना देण्याची मुभा आहे. ती कामं येतात तेव्हा शेजारच्या वर्गाच्या बाई दोन वर्ग सांभाळतात, दाराशी उभं राहून, एक नजर इकडे, एक तिकडे. नागपंचमीपर्यंत सवयी लावलेला वर्ग असेल तर त्या दिवशीही फळ्यावर साखळ्या वाढत राहतात. नसेल तर मुलांना मैदानात सोडतात, आणि पावसाळा असेल तर डोकं बाकावर ठेवून झोपायला सांगतात.